रविताची लाह

दिवाळी आटोपली की नंदुरबारच्या वेशीवर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. ओल्या मिरच्या उन्हात पसरतात आणि बघावं तिकडे जमीन लाल होते. शहाद्याकडून येणारी बस शहरात शिरायला लागली की खिडक्या ओढून घ्यायची धांदल उडते. तरी कुणीतरी खोकतंच, आणि एक खोकला की सगळी बस खोकते. गेल्या आठवड्यात मी आमच्या पोरींना जिल्ह्याच्या बास्केटबॉल सामन्यांना घेऊन गेले, तेव्हा हेच झालं. पोरी ओढण्या नाकाला लावून हसत होत्या. मी मात्र तो ठसका तसाच घशात घेतला. माझ्यासाठी हंगाम तिथून सुरू होतो.

मी म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. पंचवीस वर्षं होत आली. खेळातलं मला मुळात काही कळत नव्हतं, पण मुलींचा संघ बाहेर जायचा तर सोबत बाई लागते, म्हणून मी जाते. माझं काम ठरलेलं. ओळखपत्रं, जन्मतारखेचे दाखले, पाण्याचे कॅन, लिंबू आणि मीठ, सुई-दोरा, जास्तीची चप्पल, पोट दुखलं तर ओवा. सगळं यादीप्रमाणे पिशवीत गेलं की मी बाकावर बसते आणि पोरी खेळतात. यादी करणाऱ्या माणसाला एक सवय लागते. पिशवीत काय आहे यापेक्षा काय राहिलं, तिकडेच त्याचं लक्ष जातं. या हंगामात मला दरवर्षी रविता आठवते, ती बहुधा त्यामुळेच.

रविताच्या वेळी, सहा वर्षांपूर्वी, आमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा एकच खांब होता, तोही जरा कललेला. खेळाचे सर तापीकाठचे, सारंगखेड्याच्या बाजूचे. वर्गात मराठी आणि मैदानावर अहिराणी, अशी त्यांची वाटणी. पोरी घरी पावरी बोलतात, त्यामुळे सुरुवातीला दोन्हीकडून निम्मंच कळायचं. पण बॉल हातात आला की सगळ्यांना सगळं समजायचं. पोरी बॉल घेऊन सुसाट धावत सुटल्या की सर कमरेवर हात ठेवून ओरडायचे, "अवं पोरीस्वन, जत्रामा घोड्या पयतस. आठे बॉल पयाले पाहिजे, तुम्ही नही!"

पळायचं ते बॉलने, त्यांनी नाही, हे ऐकून पोरी हसत आणि पुन्हा तसंच धावत.

रविता पावरा दहावीत होती. बारीक, काटक, फार कमी बोलणारी. लहानपणी ज्वारीच्या मचाणावर बसून पाखरांवर गोफण चालवलेली. तिच्या हातातून सुटलेला बॉल एक मोठी, शांत कमान करून खाली यायचा आणि बहुतेक वेळा कडीला न शिवता जाळीत पडायचा. त्याचा एक बारीकसा आवाज होतो. धान्य पाखडताना सुपातून येतो तसा. तो आवाज आला की मी स्वयंपाकघरातल्या साठ्याचा हिशेब अर्धवट सोडून खिडकीशी यायचे.

दिवाळीआधी तालुक्याचे सामने आम्ही जिंकलो, ते तिच्या जिवावर. बाकीच्या चौघी बॉल पकडायच्या आणि तिच्याकडे द्यायच्या. ती टाकायची. एवढंच आमचं आक्रमण.

मग सुट्टी लागली.

वसतिगृह चालवणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षातला सगळ्यात अवघड दिवस कोणता. परीक्षेचा नाही की तपासणीचा नाही. दिवाळीनंतर शाळा उघडते तो. पोरी एकेक करून पाड्यांवरून उतरतात, पत्र्याच्या पेट्या ओढत येतात, आणि मी दारात उभी राहून कोण आलं ते बघते. जिचे आईबाप ऊसतोडीला गुजरातकडे निघालेले असतात, ती कधी येते, कधी येत नाही. संध्याकाळी दिवे लागले की रिकाम्या खाटा दिसायला लागतात. त्या वर्षी रविताची खाट रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी मोटारसायकलवरून तिच्या पाड्यावर गेलो. शेवटचा चढ पायी. रविता अंगणात धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसली होती. बहीण काही महिन्यांचीच. आम्हाला बघून ती उठली आणि पाणी आणायला आत गेली, ती परत बाहेर आलीच नाही. पाणी तिच्या वडिलांनी आणलं.

त्यांच्या बोलीत मोठ्यालाही 'तू'च म्हणतात. ते मला म्हणाले, "बाई, तू इतकं चढून आलीस. पण ऐक. आम्ही दोघं उसाच्या फडात असलो की बाळीला कोण बघेल? भाकरी कोण टाकेल?"

"दादा, तिचं दहावीचं वर्ष आहे."

"माहीत आहे मला."

"आणि जिल्ह्याचे सामने आहेत. ती नसली तर संघच नाही."

त्यांनी जमिनीवर काडीने दोन रेघा ओढल्या. मग म्हणाले, "जिंकल्या तर काय होतं?"

सरांनी सांगितलं की जिल्हा जिंकला तर संघ विभागाच्या सामन्यांना नाशिकला जातो. वडिलांनी नाशिक हा शब्द दोनदा उच्चारून पाहिला. मग घरात पत्नीशी काहीतरी बोलून आले आणि त्यांनी जे ठरवलं ते अगदी सरळ होतं. सामन्यांपर्यंत पोरगी शाळेत राहील. ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक जिल्ह्याच्या शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. पोरी जिंकल्या तर रविता शाळेतच राहील आणि बाळीला सांभाळायला तिच्या मामाची पोरगी येईल. "जिंकून नाशिकला जाणाऱ्या पोरीला मी फडात नेलं, तर लोक मला काय म्हणतील?" हरल्या तर मात्र ते तिला न्यायला येतील.

"शब्द?" मी विचारलं.

"शब्द," ते म्हणाले. "पण तूही दे. मी न्यायला आलो की रडारड करायची नाही."

मी शब्द दिला.

ही गोष्ट मी पोरींना सांगितली नव्हती. पण वसतिगृहात भिंतींना कान नसले तरी पोरींना असतात. दुसऱ्याच दिवशी मैदानावर मला काहीतरी बदललेलं दिसलं. बॉल रविताकडे यायचा आणि ती तो टाकायचीच नाही. ती तो द्यायची, मोकळ्या असलेल्या पोरीला. तीही कुणी अधिक मोकळी असेल तर तिला द्यायची. बॉल असा फिरायचा की त्याच्यामागे धावणाऱ्या पोरींची मान दुखावी. आणि शेवटी कडीखाली कुणीतरी एकटीच उभी असायची, जिला अडवायला कुणी उरलेलं नसायचं.

सर आधी चिडले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, हाई मी शिकाडेल नही."

मी शेवंतीला विचारलं. शेवंती रविताची जोडीदारीण, बडबडी, संघातली सगळ्यात उंच आणि नेम मात्र सगळ्यात कच्चा. ती म्हणाली, "ही रविताची लाह आहे, मॅडम."

लाह मला माहीत होती. पाड्यावर कुणाची निंदणी किंवा कापणी अडली की तो गावाला बोलावतो. घरटी माणसं येतात आणि दिवसभर त्याच्या शेतात राबतात. मजुरी नसते. ज्याचं शेत असतं तो सगळ्यांना जेवू घालतो. उडदाची डाळ, ज्वारीची भाकर, जमलं तर आणखी काही. पुढे दुसऱ्याच्या शेतात लाह असली की हाही जातो. वाढणाऱ्याची एक रीत असते. आलेल्यांपैकी शेवटचा माणूस जेवल्याशिवाय तो स्वतः ताटावर बसत नाही.

"मग तिचं शेत कुठलं?" मी विचारलं.

शेवंतीने मैदानाकडे हात केला. "हेच. आम्ही तिच्यासाठी राबतोय ना? मग ती वाढणार. आमच्या सगळ्यांचं एकेक बास्केट झालं की मग ती टाकेल."

"आणि कुणाचं झालंच नाही तर?"

"होईल ना, मॅडम," ती हसून म्हणाली. "ती वाढतेच तसं."

मी हे सरांना सांगितलं. ते डोकं खाजवत राहिले. "चाली ऱ्हायनं ना? मंग चालू द्या," ते म्हणाले.

ते चाललं. जिल्ह्याच्या पहिल्या सामन्यांत आमच्यासमोर शहरातले संघ होते. बूट चांगले, कपडे एकसारखे, आणि बहुतेक संघांत एकच पोरगी अशी, जी बॉल घेऊन सगळ्यांना चुकवत जायची आणि बाकीच्या चौघी उभ्या राहून तिच्याकडे बघायच्या. तालुक्याला आम्हीही तसेच होतो. आता आमच्याकडे बघत उभी राहणारी कुणी नव्हती. बॉल एका हातात टेकतो न टेकतो तोच दुसऱ्या हातात. समोरच्या पोरी आधी रविताला घेरायच्या, कारण तिचं नाव तालुक्यापासून पोचलं होतं. ती त्यांना आपल्याभोवती गोळा होऊ द्यायची आणि त्यांच्या हातांखालून बॉल सरकवून द्यायची. एकीचं बास्केट व्हायचं, मग दुसरीचं, मग तिसरीचं. शेवटी शेवंतीचं व्हायचं, बहुधा धडपडत, कडीवर दोनदा आपटून. तोवर समोरच्या संघाला कुणाला अडवावं तेच कळेनासं झालेलं असायचं. आणि मग रविता टाकायला सुरुवात करायची. ती कमान. तो सुपातला आवाज.

वारा फिरला की पथाऱ्यांवरून मिरचीचा ठसका मैदानावर यायचा. पंच शिट्टी तोंडात धरून खोकायचे. मी बाकावर बसून लिंबं कापत होते. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या खेळात काय बघायचं ते मला कळतंय. बॉल कुणाकडे आहे हे बघायचं नसतं. पुढे कोण मोकळी होणार आहे, ते बघायचं असतं. वसतिगृहात मी तरी दुसरं काय करते?

शेवटचा सामना दुपारी होता. ऊन तिरपं, सावल्या लांब. समोरचा संघ तगडा होता आणि त्यांच्या बाईंनी आमचे आधीचे सामने बघून ठेवले होते. त्यांनी रविताभोवती गर्दी केली नाही. प्रत्येकीला एकेक पोरगी चिकटवली, आणि शेवंतीला सगळ्यात दांडगी. दोघींची बास्केटं झाली, मग तिसरीचंही झालं. शेवंतीचं होईना. तिने टाकलेला बॉल कधी कडीवरून उडाला, कधी हातातच अडवला गेला. सामना बरोबरीने पुढे सरकत होता, आणि रविता मोकळी असूनही टाकत नव्हती. ती देत होती.

सरांनी विश्रांती मागून घेतली. पोरी गोल करून उभ्या राहिल्या. सर रविताला म्हणाले, "मोकळी शे तू, देख ना! आते टाक, बेटा. सरळ टाक."

ती मान हलवत होती. हो म्हणत होती की नाही, ते कळत नव्हतं. शेवंती पुढे होऊन पावरीत काहीतरी तोडून बोलली. मला एवढंच कळलं की माझी वाट बघू नकोस, असं ती सांगत होती. रविताने तिच्या घामेजल्या कपाळावर आलेले केस मागे सारले.

शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो. बॉल आमचा. तो चार हातांतून फिरत फिरत रविताकडे आला, आणि ती कडीखाली होती. एकटी. तिच्यावरची पोरगी घसरून पडली होती. इतक्या जवळून तर मीसुद्धा टाकला असता. मी उभी राहिले, माझ्या मांडीवरची लिंबं घरंगळली. रविताने बॉल वर घेतला. नजर मात्र कडीकडे नव्हती. पलीकडून शेवंती येत होती, धावत, हात पुढे करून. तिच्यावरची दांडगी पोरगी रविताला अडवायला वळली होती, म्हणून शेवंतीही मोकळी झाली होती.

रविताने बॉल शेवंतीला दिला.

तो पास इतका सुरेख होता की आजही डोळे मिटले तर दिसतो. शेवंतीने टाकला. बॉल कडीवर बसला, कडेकडेने फिरला, थांबला, आणि बाहेर पडला. शिट्टी वाजली.

समोरच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आमच्या पोरी होत्या तिथेच उभ्या राहिल्या. सर मैदानात गेले. ते रागावले नव्हते. "अवं, मोकळी व्हती ना तू," ते म्हणाले. "काबर नही टाकं?"

रविता म्हणाली, "सर, शेवंतीचं राहिलं होतं."

परतीच्या बसमध्ये पथाऱ्यांपाशी सगळी बस खोकली. आमच्या पोरी खोकल्या नाहीत. दम धरून बसल्या होत्या. मला वाटतं, एकीने सुरुवात केली असती तर खोकल्याचं रडणं झालं असतं.

संध्याकाळी जेवणाची घंटा झाली. मी भोजनगृहात गेले तर रविताने स्वयंपाकीणबाईंच्या हातातला डाव घेतलेला होता. ती वाढत होती. आधी लहान पोरींना, मग तिच्या संघाला. डाळ, भात, भाकरीचा चतकोर. शेवंतीने ताट बाजूला सारलं होतं आणि तोंड गुडघ्यात घातलं होतं. रविता तिच्यासमोर डाव घेऊन उभी राहिली.

"खा."

शेवंतीने मान हलवली.

"तू खा. मला भूक लागलीय."

एवढंच. शेवंतीने वर बघितलं. तिला कळलं, आम्हा सगळ्यांना कळलं. तिने ताट ओढून घेतलं आणि डोळे पुशीत पहिला घास घेतला. ती जेवेपर्यंत रविता उभी होती. मग ती बसली आणि एकटीच जेवली, सावकाश, ताट स्वच्छ करून.

सकाळी वडील आले. फाटकाशी चपला काढून उभे राहिले. "हरल्या?" त्यांनी विचारलं.

"हरल्या. एका गुणाने."

"पोरगी बरी खेळली नाही?"

मी त्यांना शेवटचा बॉल सांगितला. रविता कुठे उभी होती, शेवंती कुठून आली, कुणाचं राहिलं होतं. मला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल किंवा राग येईल. ते ऐकत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार थोड्या बापांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. ते म्हणाले, "बरोबर केलं तिने."

मग त्यांनी तिची पेटी डोक्यावर घेतली. शब्द दिलेला होता. त्यांचा त्यांनी पाळला, माझा मी. रविता माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिच्या हातात ओव्याची पुडी आणि सुई-दोरा दिला. मला दुसरं काही सुचलं नाही.

शाळेच्या वार्षिक अहवालात त्या वर्षीची ओळ आहे: मुली, बास्केटबॉल, जिल्हास्तर, उपविजेता. करंडक कार्यालयातल्या कपाटात आहे. पुढे एकदा आम्ही जिल्हा जिंकलोसुद्धा. मैदानावर आता दोन खांब आहेत, दोन्ही सरळ. एका चांगल्या नेमबाज पोरीच्या जिवावर नाशिकलाही जाऊन आलो. आनंद झाला. पण जिंकल्यावर सर माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, त्या वरीसना खेळ काही येगळाच व्हता." मी हो म्हटलं. त्या वर्षी आपण जिंकलो नव्हतो, असं आम्हा दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

तो पास चूक होता का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मला गोष्टी ठरवून, खूण करून पुढे जायची सवय आहे. ही पुढे जात नाही. टाकला असता तर ती दहावी झाली असती. पण टाकणारी असती, तर तो संघ तिथवर गेलाच नसता. दोन्ही खरं आहे आणि एकातून दुसरं वजा होत नाही.

रविता उसाचा हंगाम संपल्यावर परत आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. आता ती नवऱ्यासोबत तोडीला जाते. शेवंती शहाद्याला राहून पोलीस भरतीची तयारी करते. मधूनमधून येऊन लहान पोरींना धाववते.

यंदा दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दारात उभी होते. दुपार कलली, पोरी येत होत्या. फाटकातून रविता आली. डोक्यावर पत्र्याची पेटी, बोटाला धरून धाकटी बहीण. तीच, जिला सांभाळायला ती गेली होती. जूनपासून आमच्याकडे पहिलीत आहे.

"उद्या ट्रक निघतो, मॅडम. म्हटलं, आधी हिला पोचवून जाते."

"आईबाबा?"

"ते आधीच गेले, पहिल्या टोळीबरोबर. हिलाही नेत होते. मी नको म्हटलं."

पेटी खाटेखाली गेली, खाटेवर चादर आली. मी बाहेर आले तेव्हा दोघी मैदानावर होत्या. लहान पोरींचा सराव संपला होता आणि बॉल तिथेच पडला होता. धाकटीने तो दोन्ही हातांनी, पोटाशी धरून उचलला. तिच्या मानाने तो फारच मोठा. ती कडीखाली गेली, वर बघितलं, आणि मग वळून बॉल रविताकडे ढकलला. कुणी न शिकवता.

रविताने तो पायाने अडवला. उचलला. घटकाभर हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ती टाकणार. मी दारातच थांबले, तो बारीक आवाज ऐकायला.

ती चालत गेली आणि बॉल परत बहिणीच्या हातात दिला. खांद्याला धरून तिला कडीकडे वळवलं.

"मला नको देऊ," ती म्हणाली. "तू टाक."